बाबांच्या कानाचा सडा

आमच्या घरात कुजबुज नावाची वस्तूच नव्हती. रत्नागिरीत मांडवीला समुद्राला लागून घर, बारा महिने लाटांची गाज, पावसाळ्यात वर कौलांवर आभाळ फुटलेलं. त्यात माणसानं माणसाशी बोलायचं म्हणजे छातीत हवा भरूनच तोंड उघडावं लागे. बाबांची थोरली बहीण, काशीआत्या, आमच्याकडेच राहायची. ती मागीलदारी उभी राहून "मीठ संपलं" म्हणाली की नाक्यावरचा वाणी पुडा बांधायला घ्यायचा. लोक म्हणत, तिचा आवाज रेड्यासारखा आहे. माझं मत, रेड्यांनी तो तिच्याकडून उचलला. एकदा तिला ठसका लागला, तर गुहागरहून माझ्या मामाचं कार्ड आलं, काशीताईंची तब्येत कशी आहे म्हणून. खोटं वाटत असेल तर ते कार्ड मी दाखवलं असतं, पण वाळवीनं खाल्लं. आमच्याकडची वाळवी आधी पुरावे खाते, मग वासे.

या गदारोळात एकच माणूस हळू बोलायचं, ते म्हणजे आई. ती गुहागरची. तिच्या माहेरी सुपारीची बाग, बागेत पाटाचं पाणी, आणि त्या पाण्याला आवाज असा नव्हताच. नुसतं ते आहे हे कळायचं. आईचा आवाज तसा. बारीक, मऊ, कडेला जरा फाटलेला. ती काय म्हणते ते ऐकायचं तर चुलीवरचं आधण खाली उतरवावं लागे. कुळथाचं पिठलं ढवळता ढवळता ती अख्खी गोष्ट सांगायची आणि ती गोष्ट पळी, कढई आणि माझ्या कानापलीकडे जायची नाही. मला वाटायचं, जगातल्या सगळ्या आया अशाच बोलत असणार, फक्त आपल्या मुलाला ऐकू जाईल एवढंच.

बाबा लाँचच्या इंजिनांचे मेस्त्री. पावसाळ्यात लाँची वर ओढल्या की बंदरावरची निम्मी इंजिनं आमच्या पडवीत येऊन उघडी पडायची, आणि जेवणाला कायम डिझेलचा एक वास असायचा. मोठी झाल्यावर एकदा दुसऱ्याच्या घरी सोलकढी प्यायले तेव्हा मला कळलं, की तिला मुळात डिझेलची चव नसते. बाबांची तपासायची एक पद्धत होती. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटून ते असे उभे राहत, की जणू इंजिन त्यांच्या कानात आपली व्यथा सांगतंय. मग डोळे उघडून म्हणत, "मागचं बेअरिंग." आणि असायचं मागचंच. उभी हयात त्यांनी इंजिनांचं ऐकून घेतलं. त्या ऐकण्याचं भाडं कोण भरत होतं, ते पुढे येईल.

बाबा ओटीवर बसले असले आणि समुद्रात लांबवर एखादी लाँच धडधडली, की ते न बघता सांगायचे, कुठल्या नाखव्याची ती. काशीआत्या परसातून काही म्हणाली, तर ओटीवरून उत्तर द्यायचे. नमनाच्या खेळाला बाहेर मृदंग वाजला, की यांची बोटं इकडे मांडीवर चालू. पण आईनं हातभर अंतरावर उभं राहून "जेवायला वाढू का?" विचारलं, तर बाबा समुद्राकडे बघत बसलेले. ती पुन्हा विचारायची. मग तिसऱ्यांदा विचारायची नाही. ताट आणून समोर ठेवायची. घरानं याचा न्याय केव्हाच करून टाकला होता. हे सोंग आहे. बायकोपुरता बहिरा झालेला पुरुष काही आमच्या गल्लीत पहिलाच नव्हता. बाजारातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून कान बघितले होते आणि कान स्वच्छ आहेत असा निकाल दिला होता. बाबांना विचारलं तर ते म्हणत, मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता. आई एकदाच बोलली, भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता. "लाँच ऐकू येते समुद्रातली. बायको ऐकू येत नाय चुलीपुढली."

कोकणी माणसाकडे बहिरेपणावर एकच औषध आहे, ते म्हणजे ओरडणं. आम्ही सगळ्यांनी ते बाबांना दिलं. मी ओरडायची, आत्या तर ओरडायचीच, शेजारचे ओरडून मदत करायचे. फक्त आई ओरडली नाही. तिला ओरडता येत नव्हतं. तिनं प्रयत्न केला तर आवाज नुसता फाटायचा, मोठा व्हायचा नाही. आणि बाबा आम्हांला म्हणायचे, "ओरडताव कशाला? काय ता नीट बोला." हे ऐकून आत्या आणखी वरची पट्टी लावायची.

त्या वर्षी श्रावणात आई विळीवर नारळ खवत होती आणि मी समोर बसून खोबरं चोरत होते, तेव्हा ती म्हणाली, "गणपती पोचवले की मी जाते गो गुहागराक." ती माहेरचं नाव घेताना माहेरच्यासारखंच घ्यायची. मी म्हटलं, परत कधी येशील? तिनं करवंटी फिरवली, उरलेलं खोबरं खवून काढलं, अगदी काळं लागेपर्यंत. मग म्हणाली, "तिथं माणसं बोललेलं ऐकतात." एवढंच. दुसऱ्या दिवशी तिची माहेरची तांब्याची कळशी चिंचेनं घासून लखलखीत करून दाराशी पालथी ठेवलेली होती. आई भांडण करणाऱ्यातली असती तर मी घाबरले नसते. भांडणाऱ्या बायका माहेरी जातात आणि चौथ्या दिवशी लोणच्याची बरणी घेऊन परत येतात, हा आमच्या गल्लीचा नियम. पण पालथी कळशी मी पहिल्यांदाच बघत होते.

मी तेव्हा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. वर्गात मुली आम्ही दोघी, आणि त्यातल्या दुसरीला मुळात शिवणकामाला जायचं होतं, फॉर्म चुकला होता. मला मात्र या विषयाचा पहिल्या दिवसापासून ताठा चढलेला. घरावर संकट आलं, तर इंजिनिअर बाईनं काय करावं? मोठा अँप्लिफायर बांधावा. मी बांधला. आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचा डबा, आत ट्रान्सफॉर्मर एवढा जड की पेटी उचलताना फळ्या कण्हायच्या, आणि बाहेर मोडीतून आणलेला कर्णा. बाबांना ओटीवर बसवलं, आईच्या हातात माईक दिला आणि बटण दाबलं. पुढे जे झालं त्याबद्दल मांडवीत अजून दोन मतं आहेत. माझ्या आठवणीप्रमाणे, वाळूतले खेकडे बिळांतून बाहेर येऊन उभे राहिले, आणि बंदरावरच्या एका म्हाताऱ्या बोक्यानं मासे सोडून दिले ते कायमचे. आई माईकमध्ये फक्त "अवो" म्हणाली होती. बाबांनी दोन्ही हातांनी कान दाबून घेतले, चेहरा वेडावाकडा झाला. कर्णा बंद केला तेव्हा ते म्हणाले, "आवाज आला गो बाय. लय आला. पण काय म्हणाली ता नाय कळला." आईनं माईक माझ्या हातात दिला आणि आत गेली. तिच्या पाठीकडे बघून मला कळलं, माझ्या अँप्लिफायरनं तिची शेवटची आशा होती तीही मोडली.

आता इथे सरांना आणलं पाहिजे. आमचे इलेक्ट्रॉनिक्सचे सर कोल्हापूरकडचे. रत्नागिरीत त्यांना दोनच गोष्टी जमल्या नव्हत्या, मासे आणि आमची बोली. एरवी माणूस सोन्याचा. त्या आठवड्यात प्रयोगशाळेत त्यांनी आमच्याकडून अँप्लिफायरचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स काढून घेतला. एक यंत्र असतं, ऑसिलेटर. ते हवा तो सूर देतं, मृदंगाच्या घुमेपासून डासाच्या गुणगुणण्यापर्यंत. तो सूर अँप्लिफायरला द्यायचा, प्रत्येक वेळी सारखाच, आणि बाहेर किती पट होऊन आला ते मोजायचं. मग सूर जरा चढवायचा, पुन्हा मोजायचं. मी माझ्या राक्षसाचा ताठा अजून सोडलेला नव्हता. सरांना म्हटलं, माझ्या अँप्लिफायरची ताकद बघा, अख्खं बंदर हललं. सर चष्म्यावरून बघून म्हणाले, "दणका किती हाय त्ये मला नगं सांगू. सगळ्या सुरांना सारखा हाय का, त्ये सांग."

ते मी तोपर्यंत मोजलंच नव्हतं. मोजून टिंबं मांडली आणि जोडली, तर कागदावर आमचा सडा उमटला. आमच्या भागात ज्यांनी पाय ठेवला नाही त्यांच्यासाठी सांगते, सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. खालून चढ चढायचा, मग वर मैलोगणती सपाट, चालता चालता कंटाळा यावा इतकं सपाट. आणि एकाएकी कडा येतो, पलीकडे जमीन संपलेली, खाली समुद्र. अँप्लिफायर हुबेहूब तसाच होता. खालच्या जाड सुरांना चढत चढत वर येणारा, मधल्यांना सगळ्यांना सारखा, आणि वरचे बारीक सूर आले की कड्यावरून खाली. सर सांगत होते, चढ आहे तो दोन टप्प्यांना जोडणाऱ्या कपॅसिटरमुळे, जाड सुरांना तो वाट अडवतो. पलीकडचा कडा आहे तो ट्रान्झिस्टरच्या पोटातल्या गुणामुळे, तिथे बारीक सूर जिरून जातात. कुठलाही अँप्लिफायर सगळं ऐकत नाही, प्रत्येकाचा आपला सडा असतो. सगळा वर्ग वहीत उतरवून घेत होता. माझ्या हातातली पेन्सिल थांबली होती. लाँच. मृदंग. काशीआत्या. सगळी जाड सुरांची मंडळी. आणि कड्यापलीकडे एकटी कोण, ते मला दिसत होतं.

सरांनी ऑसिलेटर आणि हेडफोन एका रविवारपुरते घरी न्यायला दिले. यष्टीत मी तो मांडीवर घेऊन बसले, पदर नव्हता म्हणून रेनकोटात गुंडाळून. शेजारच्या बाईनं विचारलं, किती महिन्यांचा?

पाऊस होता, अंगण भिजलेलं, म्हणून ओटीवरच बाबांना पाटावर बसवलं आणि त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. त्यांना सांगितलं, आवाज आला की बोट वर करायचं. त्यांना वाटलं माझी परीक्षा आहे. पोरीचे मार्क जाऊ नयेत म्हणून ते ताठ बसले. बटण शून्यापासून हळूहळू फिरवायचं, बोट वर झालं की थांबायचं. थोडक्यात भागलं तर टिंब उंच, फार फिरवावं लागलं तर टिंब खाली. टिंबं मांडायला माझ्याकडे कागद होता, पण तेवढ्यात मला आत्तापर्यंतच्या आयुष्यातली एकमेव शहाणी गोष्ट सुचली. मी आईला म्हटलं, तू रांगोळी घेऊन बस, मी सांगते तिथे ठिपका टाक. तिला यायचं नव्हतं. पण सारवलेल्या जमिनीवर मी स्वतः ठिपका टाकायला गेले तेव्हा माझा गबाळा हात बघून तिला राहवेना.

जाड सूर लावला. बटणाला हात लागतोय न लागतोय तोच बाबांचं बोट वर. ठिपका उंच. पुढचा सूर, बोट वर. आई एकापुढे एक ठिपके टाकत चालली, सरळ ओळीत, दिवाळीत टाकते तशी. काशीआत्या खांबाला टेकून होती, तिनं शेरा मारला की बघा, सगळं ऐकू येतंय मेल्याला. मी सूर चढवत गेले. एक ठिपका जरा खाली आला. त्यापुढचा आणखी. आईनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तिनं टाकला. मग मी शिट्टीसारखा बारीक सूर लावला. बटण फिरवलं, बाबा शांत. आणखी फिरवलं. हेडफोनच्या कडेतून तो सूर बाहेर गळायला लागला, ओटीवरच्या आम्हा सगळ्यांना ऐकू यायला लागला. मांजर उठून गेलं. बटण शेवटाला टेकलं तेव्हा काशीआत्येनं कानांवर हात ठेवले होते, आणि बाबा त्या किंचाळीच्या ऐन मध्यात, देवळातल्यासारखे बसलेले, बोट तयार ठेवून. ते म्हणाले, "चालू कर की गो."

आईचा रांगोळीचा हात तसाच वर राहिला. चिमटीतून रांगोळी गळत होती, बारीक धार, जमिनीवर त्या ओळीच्या अगदी तळाशी. काशीआत्या आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली. म्हणजे फक्त आमच्या घरात ऐकू आलं. "म्हणजे ह्याला खराच नाय येत ऐकू?"

आईनं मला विचारलं, "माझा आवाज कुठं बसतो ह्याच्यात?" मी तिला दाखवलं. आवाजाचा नुसता घोष या सपाटीवरच असतो, म्हणून कोणी बोलतंय एवढं त्यांना कळत असेल, तेही तू जवळ असलीस तर. पण ज्यानं शब्द होतो, जीभ दातांना लागते, ओठ मिटतात, स, श, त, क, ते सगळं इथे, या उतरणीवर. आणि तुझ्या आवाजाचं सगळं वजन तिथेच आहे. आम्ही ओरडतो तेव्हा हे सपाटीवरचंच वाढवतो, ते आधीच पुरेसं असतं; कड्यापलीकडे काहीच पोचत नाही. एवढं लांबलचक मी बोलले आणि आई त्या खाली गेलेल्या ओळीकडे बघत राहिली. इंजिनांनी खाल्लेला तो कडा होता, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीतून, एकेक पावसाळा. मग ती उठली, बाबांच्या समोर जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून, त्यांच्या कानावरचा हेडफोन काढला आणि त्यांना ओठ दिसतील असं म्हणाली, "मला वाटलं, तुम्हांला माझं ऐकायचंच नाय."

बाबांना शब्द किती कळले माहीत नाही. चेहऱ्यावरून कळला असेल अर्थ. त्यांनी आधी त्या रांगोळीकडे बघितलं, मग तिच्याकडे. म्हणाले, "आणि मला वाटलं, तूच बोलायची थांबलीस."

मी हे लिहिते आहे तेव्हा माझ्या स्वतःच्या सड्याची कड जवळ आली आहे. नात म्हणते, आजी, कुकरची शिट्टी झाली. मी म्हणते, कधी? आता कानात बसणारी मटाराएवढी यंत्रं मिळतात, दुकानातली तरुण मुलगी मोबाईलवर ओळ काढते आणि त्या ओळीप्रमाणे यंत्र जुळवून देते. मी तिच्यासमोर बोट तयार ठेवून बसले होते. एका सुराला बराच वेळ काही येईना आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चालू कर की गो." ती म्हणाली, आजी, चालूच आहे. मी एवढी हसले की त्या पोरीला वाटलं, डोक्याचीही तपासणी करावी लागणार.

तर रांगोळी झाली, आणि गोष्ट इथेच संपली असती तर मलाही बरं झालं असतं. पण कळशी दारातून हलली नव्हती. मी आईला म्हटलं, आता तर कळलं ना सगळं? ती म्हणाली, "कळलं म्हणून बोलणं पोचतं का गो?" तिचा राग गेला होता, आणि राग गेल्यावर जे उरलं ते जास्त कठीण होतं. रागावलेलं माणूस राहतं तरी. ही आता कोणालाही दोष न देता जाणार होती.

म्हणून मी दुसरा अँप्लिफायर बांधायला घेतला. हा लहान, टॉर्चच्या सेलवर चालणारा, कर्ण्याऐवजी मोडीतल्या हेडफोनला जोडलेला. आणि हा मी मुद्दाम बिघडवला. जो कपॅसिटर मोठा घालायचा तो एवढासा घातला, म्हणजे जाड सूर दारातच अडतील. लाटांची गाज, आत्या, लाँची, सगळे बाहेर. आणि बारीक सुरांना वाट मोकळी करून दिली, जितकी करता येईल तितकी. त्याचा रिस्पॉन्स काढला तर सडाबिडा काही नाही, सरळ चढच चढ, बाबांच्या रांगोळीच्या बरोबर उलटा. सरांनी तो कागद हातात घेतला, उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. "ह्यो अँप्लिफायर नापास हाय," ते म्हणाले. मी म्हटलं, सर, बाबांचा कानही नापास आहे. दोन नापास एकमेकांना जोडून बघते.  सरांनी खिशातून प्रयोगशाळेतला चांगला माईक काढून माझ्यासमोर ठेवला, आणि गणपतीनंतर परत आण म्हणाले. तो परत नेला का, याबद्दलही दोन मतं आहेत.

या नव्या पेटीनं छळ छळ छळलं. आमच्या दमट हवेत सोल्डरचा टाका धरेना, एकदा कोळी जोडणीवर जाळं विणून बसला आणि मी दिवसभर दोष ट्रान्झिस्टरला देत राहिले. ती चालू झाली ती थेट गणपतीच्या दिवशी. घरात उकडीच्या मोदकांची वाफ, हळदीच्या पानांचा वास, ओटीवर पाहुणे आणि शेजारी दाटलेले. गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो, तिला मंडपी म्हणतात. तिला तवशी, म्हणजे मोठाल्या काकड्या, शहाळी, रानातली फळं बांधतात. मी माईक तिथेच एका तवशाशेजारी बांधला. भटजी वर बघून विचारात पडले, हे कोणतं फळ. पेटी बाबांच्या मांडीवर, हेडफोन कानावर. बटण चालू केलं तसे बाबा दचकले आणि इकडेतिकडे बघायला लागले. मी घाबरून विचारलं, काय झालं? "काय तरी किणकिणतंय," ते म्हणाले. बघितलं, तर समोर आई निरांजन सारखं करत होती, आणि तिच्या हातात बांगड्या होत्या. बाबा तिच्या हाताकडे बघत राहिले. भटजींनी दोनदा हाक मारली ती त्यांना ऐकू आली नाही. यावेळी दोष कानाचा नव्हता.

पूजा झाली, आरती झाली, आणि गाऱ्हाण्याची वेळ आली. आमच्याकडे घरातलं वडीलधारं माणूस देवापुढे उभं राहून घराचं सगळं मागणं मोठ्यानं सांगतं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." बाबा उठायला लागले, दरवर्षीसारखे. आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बसवलं. "यंदा मी घालते," ती म्हणाली. काशीआत्येनं तोंड उघडलं. मी तिच्या तोंडात मोदक घातला. माझ्या आयुष्यातलं ते दुसरं शहाणपण.

आई मंडपीखाली जाऊन उभी राहिली, डोळे मिटून, हात जोडून. ओटीवर माणसं गप्प झाली. तिचे ओठ हलताना सगळ्यांना दिसत होते, पण ऐकू काही येईना. मागचे पुढच्यांना खुणा करायला लागले, पुढचे मान हलवायला लागले. मी हातभर अंतरावर होते, मलाही नाही. पुढून लाट फुटली, कोणी तरी खोकलं, आणि ती आपली बोलतेय, चुलीपुढे बोलायची तशी, फक्त एका माणसापुरतं. तिचं वाक्य कुठे संपलं ते कोणालाच कळलं नाही. म्हणून त्या शांततेत एकच आवाज उठला, भरलेला, जरा कापरा.

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.

मग सगळी ओटी त्यांच्यामागून गरजली, कशाला होकार देतोय याची काही कल्पना नसताना. आई पुन्हा बोलली. पुन्हा फक्त बाबांना ऐकू आलं, पुन्हा त्यांनी आधी होकार दिला आणि पन्नास माणसं त्यांच्यामागून. गाऱ्हाणं बरंच लांबलं. वर्षानुवर्षांचं होतं ते. शेवटी शेवटी बाबांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं सोडून ते पेटी घट्ट धरून बसले होते, लाँच सुटून जाईल म्हणून दोर धरावा तशी. आई काय बोलली ते मी तिला नंतर कितीदा तरी विचारलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "ता आमचा आमचा."

गणपती पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी कळशी नव्हती.  धावत मागीलदारी गेले, तर ती विहिरीच्या काठावर, ओली, भरलेली, आणि आई दोर आवरत होती. तिनं कळशी घरात आणून ठेवली आणि बाबांना ओटीवर चहाला हाक मारली, तिच्या त्या आवाजात. बाबा समुद्राकडे बघत होते, पेटी कोपऱ्यात पडलेली. आईनं पुन्हा हाक मारली नाही. ती बाहेर गेली, पदरानं हेडफोन पुसला, स्वतःच्या हातांनी त्यांच्या कानांवर बसवला, बटण लावलं, आणि मग तिथल्या तिथे, कानाशी वाकून, चहा झालाय म्हणून सांगितलं.